थोडक्यात बचावले!

आपल्या मराठी बातम्यांत काही वाक्ये कायमची मुक्कामाला आली आहेत. त्यातलेच एक म्हणजे "विमानातील दीडशे प्रवासी थोडक्यात बचावले". हे वाक्य दिसले की मी चष्मा पुसते आणि खालचा मजकूर सावकाश वाचते. बहुतेक वेळा त्यात एवढेच असते : विमानात काही बिघाड असल्याचे वैमानिकाच्या लक्षात आले, त्याने नियंत्रण कक्षाला कळवले, विमान जवळच्या विमानतळावर नेले, तिथे अग्निशामक गाड्या तयार होत्या, विमान धावपट्टीवर उतरले, प्रवासी जिन्याने खाली आले आणि काही तासांनी दुसऱ्या विमानाने पुढे गेले. म्हणजे जे जसे व्हायला हवे, ते तसेच झाले. मग यात 'थोडक्यात' ते काय?

चौतीस वर्षे शाळेत मराठी शिकवले, त्यामुळे शब्दाशी अडण्याची सवय काही सुटत नाही. घाटात दरड कोसळली आणि चार हातांवर मोटार थांबली, तर त्यातली माणसे थोडक्यात बचावली. विहिरीत पडलेल्या पोराच्या हाताला दोर लागला, तर ते पोर थोडक्यात बचावले. या शब्दात मरण जवळून जाते आणि माणूस वाचतो तो नशिबाने. पण कुणी शिकल्याप्रमाणे, ठरलेल्या पद्धतीने, सगळी तयारी करून विमान खाली आणले असेल, तर तिथे हा शब्द लावणे म्हणजे माणसांच्या कष्टांचे श्रेय नशिबाच्या खात्यावर जमा करणे. माझे म्हणणे एवढेच आहे, पण ते जरा सविस्तर मांडते, कारण प्रश्न नुसत्या शब्दाचा नाही.

एक मान्य करायलाच हवे. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे विमान उड्डाणानंतर काही क्षणांतच वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळले. विमानातल्या २४२ जणांपैकी एकच वाचला, जमिनीवरचीही माणसे गेली, मृतांचा आकडा २६० वर पोचला. ती दृश्ये पाहिल्यावर कुणाच्याही पोटात गोळा येणारच. त्यानंतर परत फिरलेल्या प्रत्येक विमानाकडे लोक धास्तीने पाहू लागले, यात लोकांचा काही दोष नाही. पण धास्तावलेल्या माणसाशी कसे बोलावे याची एक रीत असते. ज्या घरात नुकतेच मयत झाले आहे, तिथे रात्री अपरात्री कडी वाजवून "काही नाही, सहज आलो होतो" असे कुणी करत नाही. आपल्या वाहिन्यांनी त्या पावसाळ्यात रोज कडी वाजवली.

१६ जुलै २०२५ ची गोष्ट घ्या. इंडिगोचे दिल्लीहून गोव्याला, म्हणजे मोपाच्या विमानतळावर जाणारे विमान. वाटेत एका इंजिनात बिघाड झाला. वैमानिकाने 'पॅन पॅन पॅन' असा संदेश दिला, विमान मुंबईकडे वळवले आणि रात्री दहाच्या आत सुखरूप उतरवले. कुणाला खरचटलेसुद्धा नाही.

हे 'पॅन पॅन' काय असते ते मी मुद्दाम समजून घेतले. वैमानिकाकडे संकट सांगण्याचे दोन शब्द असतात. एक 'मेडे', दुसरा 'पॅन पॅन'. दोन्हींचे मूळ फ्रेंच. 'मेडे' हा 'मला मदत करा' या अर्थाच्या फ्रेंच शब्दांचा उच्चार. 'पॅन' हा बिघाड या अर्थाच्या शब्दातून आलेला. दोन्ही तीन तीनदा उच्चारायचे, म्हणजे खरखरीत ऐकणाऱ्याचा घोटाळा होऊ नये. जिवावरचा प्रसंग असेल तर 'मेडे'. अडचण आहे, लक्ष असू द्या, मला वाट मोकळी करून द्या, पण लगेच जिवाला धोका नाही, असे सांगायचे असेल तर 'पॅन पॅन'. पाहा, ज्यांच्या हातात शेकडो जीव असतात त्यांनी आपल्या भाषेत संकटाच्या दोन पायऱ्या करून ठेवल्या आहेत. आणि ज्यांच्या हातात नुसता माईक असतो त्यांच्याकडे एकच पायरी, तीही सगळ्यात वरची! त्या रात्री 'पॅन पॅन'चे भाषांतर पडद्यावर "प्रवाशांचा जीव टांगणीला" असे झालेले मी स्वतः पाहिले.

ते पाहायला मला लावले सांगलीच्या वहिनींनी. वहिनींना आता ऐंशी पुरी होतील. रात्री त्यांचा फोन आला, आवाज कापत होता. "वन्सं, टीव्ही लावा हो. दिल्ली-गोव्याच्या विमानाचं इंजिन बंद पडलंय म्हणे. आपलं बाळ आज त्याच विमानानं यायचं होतं." बाळ म्हणजे त्यांचा नातू, वय वर्षे एकतीस. मी टीव्ही लावला. एका वाहिनीवर विमानाचे चित्र, त्याच्या पंखातून ज्वाळा निघताहेत. कोपऱ्यात अगदी बारीक अक्षरांत 'काल्पनिक चित्र' असे लिहिलेले. निवेदिका श्वास न घेता बोलत होती. पण विमानाचा क्रमांक काय, ते कधी निघाले, मोपाला चालले होते की दाभोळीला, यातले एक अक्षर नाही. गोव्यात आता दोन विमानतळ आहेत आणि दिल्लीहून तिकडे दिवसभरात कितीतरी विमाने जातात. वहिनींचा नातू दुसऱ्याच विमानात, दाभोळीच्या वाटेवर होता आणि विमानात असल्यामुळे त्याचा फोन बंद होता. तो खाली उतरून "आजी, मी पोचलो" म्हणेपर्यंत सव्वा तास गेला. तो सव्वा तास वहिनी देवघरासमोर बसून होत्या. दुसऱ्या दिवशी विश्रामबागेत डॉक्टरांकडे न्यावे लागले, रक्तदाब फार चढला होता.

आता यात वाहिनीचे काय गेले? काही नाही. क्रमांकाचे चार आकडे सांगितले असते तर एका म्हातारीचा सव्वा तास वाचला असता. आणि अशा किती म्हाताऱ्या असतील! आमच्या साताऱ्यात विमानतळ नाही. कराडला धावपट्टी आहे, सांगलीच्या कवलापूरची नुसती चर्चा ऐकत माणसे म्हातारी झाली, विमानाला जायचे तर पुणे नाहीतर कोल्हापूरचे उजळाईवाडी. पण विमान मात्र आता प्रत्येक घरात शिरले आहे. कुणाचा मुलगा बंगळुरूला, कुणाची सून टोरांटोला. पूर्वी एसटी उशिरा आली की आई दारात उभी राहायची. आता ती टीव्हीसमोर बसते, आणि टीव्ही तिला धीर देण्याऐवजी भिववतो.

या विमानाला दोन इंजिने होती. एक बंद पडले तर दुसऱ्यावर विमान सुरक्षित उडवून उतरवता आले पाहिजे, ही अट पुरी केल्याशिवाय असल्या विमानाला परवानाच मिळत नाही. वैमानिकांना हा प्रसंग खोट्या विमानात, म्हणजे सिम्युलेटरमध्ये, पुनःपुन्हा करून दाखवावा लागतो. आपल्याकडे सहामाही परीक्षा शाळेबरोबर संपते, त्यांची निवृत्त होईपर्यंत चालू असते! जुलै २०२५ मध्येच माहितीच्या अधिकारात मिळालेली एक माहिती वर्तमानपत्रात आली होती. २०२० ते २०२५ या काळात भारतात उड्डाणादरम्यान इंजिन बंद पडण्याच्या ६५ घटना झाल्या आणि त्या सगळ्या वेळी वैमानिकांनी उरलेल्या इंजिनावर विमान सुखरूप उतरवले. आकडा दोन्ही बाजूंनी वाचावा. इंजिने एवढ्या वेळा का बंद पडली, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पण पासष्टपैकी पासष्ट वेळा विमान खाली आले, हा नशिबाचा खेळ नव्हे. नशीब एवढे नियमित नसते.

११ ऑक्टोबर २०२४ ची संध्याकाळ बऱ्याच जणांना आठवत असेल. तिरुचिरापल्लीहून शारजाला निघालेल्या एअर इंडिया एक्सप्रेसच्या विमानाच्या हायड्रॉलिक यंत्रणेत बिघाड झाला. विमानात १४१ प्रवासी होते. ते दोन तासांहून अधिक वेळ आकाशात फिरत राहिले आणि रात्री सव्वाआठच्या सुमारास जिथून निघाले तिथेच नीट उतरले. देशभरच्या वाहिन्यांनी हा सगळा वेळ नकाशावर विमानाची वर्तुळे दाखवत "विमानाच्या घिरट्या, प्रवाशांचा श्वास रोखला" असे चालवले. घिरट्या घालते ती घार. इथे घिरट्या नव्हत्या, इलाज होता. लांबच्या प्रवासासाठी विमान इंधनाने भरलेले असते. एवढ्या वजनाने उतरले तर चाकांवर आणि ब्रेकवर फार ताण येतो. काही मोठ्या विमानांना हवेतच इंधन सोडून देता येते, या जातीच्या विमानाला ती सोय नसते. म्हणून फिरत राहून इंधन जाळायचे आणि हलके होऊन उतरायचे. एवढे एक वाक्य कुणी पहिल्या पाच मिनिटांत सांगितले असते, तर पाहणाऱ्या लाखो लोकांच्या जिवाला केवढा आधार मिळाला असता! काहींनी सांगितलेही, नाही असे नाही. पण ते वाक्य एकदा आणि 'थरार' हा शब्द शंभरदा.

हे आपल्याकडेच आहे असेही नाही. अमेरिकेत २१ सप्टेंबर २००५ रोजी जेटब्लू कंपनीच्या एका विमानाचे पुढचे चाक आडवे फिरून अडकले. लॉस एंजेलिसला उतरण्याआधी तेही असेच कित्येक तास इंधन जाळत फिरत होते. त्या विमानात प्रत्येक आसनासमोर छोटा टीव्ही होता आणि त्यावर बातम्या थेट दिसत. प्रवाशांनी काय पाहावे? आपलेच विमान, आणि त्याचे आता काय होणार यावर चाललेली चर्चा! उतरण्याच्या बऱ्याच आधी ते पडदे बंद केले गेले. विमान आडव्या चाकावर ठिणग्या उडवत उतरले आणि सगळे सुखरूप बाहेर आले. मला नेहमी वाटते, बातमी देणाऱ्या प्रत्येकाने हे विमान डोळ्यांसमोर ठेवावे. ज्यांच्याविषयी आपण बोलतो आहोत ती माणसे आपले बोलणे या क्षणी ऐकत आहेत, असे समजून बोलावे. विमानातली ऐकत नसतील, पण त्यांच्या आया ऐकत असतात.

'थोडक्यात' या शब्दाखाली कोण कोण झाकले जाते ते आपल्या महाराष्ट्रातल्याच एका प्रसंगात दिसते. ६ मे २०२१, करोनाची दुसरी लाट. रुग्णाला घेऊन मुंबईला निघालेले एक छोटे हवाई रुग्णवाहिकेचे विमान नागपूरला इंधन भरून उडाले आणि उडताना त्याचे एक चाकच निखळून पडले. विमानतळावर पहाऱ्याला असलेल्या सुरक्षा दलाच्या एका जवानाने ते पाहिले आणि ताबडतोब कळवले. नियंत्रण कक्षाने वैमानिकाला सांगितले. वैमानिकाने विमान मुंबईपर्यंत नेले, इंधन जाळून हलके केले. मुंबईत धावपट्टीवर फेस पसरून ठेवला होता, त्यावर विमान चाके न उघडता पोटावर उतरवले. रुग्णासह पाचही जण सुखरूप. आता मोजा. चाक पडताना पाहणारा जवान, निरोप देणारा नियंत्रक, फेस पसरणारे अग्निशामक दलाचे लोक, डोके शांत ठेवणारे वैमानिक. या सगळ्यांनी आपापले काम चोख केले म्हणून पाच माणसे घरी गेली. त्याला आपण म्हणायचे काय, तर "काळ आला होता, पण वेळ आली नव्हती". अहो, वेळ आली होती, माणसांनी ती परतवली!

बरे, हे नुसते कौतुकापुरतेही नाही. आमच्या खंबाटकी घाटात एसटीच्या ड्रायव्हरला ब्रेकची शंका आली आणि त्याने गाडी बाजूला घेऊन प्रवाशांना खाली उतरवले, तर आपण चार शिव्या देऊ, पण मनातून जाणतो की गडी शहाणा. दुसऱ्या दिवशी "चाळीस प्रवासी मृत्यूच्या दाढेतून परत" असे छापून आले आणि साहेबांनी त्यालाच बोलावून जाब विचारला, तर पुढच्या वेळी तो काय करील? विमानाचेही तेच. परत फिरणे, दुसरीकडे उतरणे, उतरता उतरता पुन्हा वर जाणे, हे वैमानिकाचे शहाणपण आहे. त्याची बदनामी होऊ लागली, तर एखादा कधीतरी "जाऊ दे, नेऊ पुढे" म्हणेल. तसे झाल्यावर काय होते ते २२ मे २०१० ला मंगळूरला दिसले. विमान फार उंचावरून आणि वेगाने उतरत होते. पुन्हा वर जाऊ या, असे सहवैमानिकाने तीनदा सांगितले. कॅप्टनने उतरवलेच. विमान धावपट्टी संपून दरीत गेले आणि १५८ माणसे गेली. त्या दिवशी विमान पुन्हा वर गेले असते, तर वाहिन्यांनी "मंगळूरमध्ये थरार" म्हटले असते आणि ती १५८ माणसे दुपारी घरी जेवली असती.

यावर कुणी म्हणेल, मग काय बातम्या देऊच नयेत का? द्याव्यात की, जरूर द्याव्यात. २०२२ च्या उन्हाळ्यात स्पाइसजेटच्या विमानांत एकामागून एक बिघाड होत होते. वर्तमानपत्रांनी ते मोजले, तारखा लावून मांडले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने कंपनीला नोटीस दिली आणि जुलैअखेर तिची उड्डाणे आठ आठवड्यांसाठी निम्म्यावर आणली. ही खरी पत्रकारिता. सप्टेंबर २०१८ मध्ये जेट एअरवेजच्या मुंबई-जयपूर विमानात प्रवाशांच्या नाकाकानांतून रक्त आले, कारण केबिनमधला हवेचा दाब राखणारी कळ वैमानिकांनी चालू केली नव्हती. तिथे तर धारेवर धरायलाच हवे होते. माझी तक्रार बातमी दिल्याची नाही, ती अर्धी सोडल्याची आहे. विमान उतरेपर्यंत सगळे कॅमेरे तिकडे. ते का बिघडले, देखभाल कुणाची होती, चौकशीत काय निघाले, हे सांगायला तीन महिन्यांनी कुणी फिरकत नाही. भीतीची बातमी पहिल्या पानावर आणि कारणाची बातमी आलीच तर कुठेतरी आत, एका स्तंभात.

आणि कधी कधी कारण कळण्याआधीच निकाल लागतो. अहमदाबादच्या अपघाताचा प्राथमिक अहवाल एका महिन्याने आला, त्यात अंतिम निष्कर्ष नव्हता. तरी देशविदेशातल्या माध्यमांत वैमानिकांवर बोट ठेवून चर्चा सुरू झाली. त्या विमानाच्या कॅप्टनचे वडील एक्क्याण्णव वर्षांचे, मुंबईचे. त्यांना नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. तुमच्या मुलाला दोषी धरलेले नाही, हे ओझे बाळगू नका, असे न्यायालयाने त्यांना सांगितले. मुलगा गेलेल्या नव्वदीच्या बापाला एवढे ऐकण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागावी, याचे मला फार वाईट वाटते.

आणखी एक. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मेली. पुणे-बंगळुरू महामार्गावर आमच्या जिल्ह्यात अपघात झाला की स्थानिक पानावर चार ओळी येतात. तिथे संगीत नाही, नकाशा नाही, श्वास रोखलेला निवेदक नाही. जिथे खरोखर माणसे मरतात तिथे आपण बधिर, आणि जिथे वाचतात तिथे आपला थरार! हा हिशेब काही मला जुळत नाही.

१९८२ साली ब्रिटिश एअरवेजचे एक विमान इंडोनेशियावरून जाताना ज्वालामुखीच्या राखेत सापडले आणि त्याची चारही इंजिने बंद पडली. कॅप्टनने प्रवाशांना सांगितले की एक छोटी अडचण आली आहे, चारही इंजिने थांबली आहेत, ती चालू करण्याचा आम्ही कसून प्रयत्न करतो आहोत, आपल्याला फार त्रास होत नसावा. त्याने काही लपवले नाही आणि काही वाढवलेही नाही. इंजिने पुन्हा चालू झाली, विमान जकार्ताला उतरले. संकटात कसे बोलावे याचा धडा क्रमिक पुस्तकात घालायचा झाला, तर मी हा घालीन.

नात्यातल्या सगळ्यांना माझे एक सांगणे. घरातले कुणी विमानाने निघाले की विमानाचा क्रमांक आणि सुटण्याची वेळ कागदावर लिहून फोनजवळ ठेवायची. बातमी आली तर आधी क्रमांक जुळवायचा, जमत नसेल तर शेजारच्या पोराला विमान कंपनीच्या साइटवर बघायला सांगायचे, आणि तोवर टीव्हीचा आवाज बंद.

वार्ताहर मंडळींना सांगण्याचा मला अधिकार नाही. पण बातमी कशी लिहावी हे आम्ही नववीच्या मुलांना शिकवत होतो : कोण, काय, कुठे, केव्हा, का. पहिल्या रात्री त्यातले चार 'क' पुरतात. "अमुक क्रमांकाच्या विमानात बिघाड आढळल्याने वैमानिकाने ते रात्री दहाच्या सुमारास मुंबईत उतरवले, सर्व प्रवासी सुखरूप आहेत." एवढीच बातमी द्यावी. उरलेली जागा पाचव्या 'क'साठी राखून ठेवावी, आणि तो कळला की तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापावा.